गोष्ट कळते, पण 'का?' विचारलं की अडतं

मुलगी सोळा वर्षांची. आईची तक्रार एवढीच, की नेमलेली कथा असो वा नाटक, काय घडलं ते ती घडाघडा सांगते. पण 'अमुक पात्र असं का वागलं?' असा प्रश्न आला की उत्तर दोन ओळींत संपतं. "हिला वाचलेलं कळतच नाही का हो?"

आधी दहा ओळी मोठ्यानं वाचून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावल्या. इथे मूल अडखळलं तर अडचण भाषेची, शब्दांची असते आणि उपाय वेगळा लागतो. ही अडखळली नाही.

नेमलेलं नाटक शेक्सपिअरचं 'मॅकबेथ'. सरदार मॅकबेथ आपल्या राजाचा, डंकनचा, खून का करतो? वहीतलं उत्तर होतं, 'तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून.' चूक नाही. पण महत्त्वाकांक्षी तो कालही होता, मग खून आजच का? तिनं मूळ नाटकाआधी गाईड वाचलं होतं. त्यात पात्राला एक विशेषण चिकटवलेलं असतं, मग डोळे पुस्तकात तेवढंच शोधतात. स्वभाव सांगितला की कारण सांगून झालं, असं मुलांना मनापासून वाटतं. गुण जातात ते इथेच.

काम फक्त पहिल्या अंकाचं दिलं. पहिलं वाचन न थांबता. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल, आणि खूण करायची ती पात्राचा बेत बदलतो तिथेच. (पानभर रेघा ओढल्या तर काहीच उठून दिसत नाही.) मग वहीत तीन रकाने: बेत काय बदलला, त्याच्या लगेच आधी काय घडलं, तो कोणासमोर काय बोलला.

चार खुणा निघाल्या. तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथ म्हणतो, नशिबात असेल तर मुकुट आपसूक मिळेल. चौथ्यात राजा आपल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो आणि आपसूक मिळण्याची वाट बंद होते. उरलेल्या दोन्ही सातव्यात: आधी माघार, मग पुन्हा होकार. या प्रवेशावर ती बराच वेळ थांबली. एकटा असताना तो स्वतःला बजावतो, की आपण राजाचे नातलग, त्याची प्रजा, शिवाय आज त्याचे यजमान. बायको आल्यावर यातलं अवाक्षर नाही. राजानं नुकताच मान दिलाय, लोक चांगलं बोलतायत, एवढंच.

तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा बायकोला खरं कारण सांगतच नाहीये."

पुढचं तिचं तिनंच जुळवलं. खरी अडचण त्यानं बोलूनच दाखवली नाही, म्हणून बायकोनं पुरुषार्थावर टोमणा मारला तेव्हा त्याच्याकडे द्यायला भक्कम उत्तर उरलं नाही. नवं उत्तर वहीचं दीड पान झालं. 'महत्त्वाकांक्षी' हा शब्द त्यातही होता, पण शेवटच्या परिच्छेदात.