तुर्तुक करावं का, आणि ते आधी खरंच पाकिस्तानात होतं का?

लडाखमध्ये नुब्रा खोऱ्यात जातोय तर तिथलं सीमेजवळचं तुर्तुक गाव करावं का, आणि ते आधी पाकिस्तानात होतं हे खरं का, असं एकाने विचारलंय. दोन्हीला हो, पण दुसऱ्या 'हो'ला जरा शेपूट आहे, ते आधी सांगतो.

टूरवाले "रात्री पाकिस्तानात झोपले, सकाळी भारतात उठले" असं फेकतात, ऐकायला भारी वाटतं पण त्याने समज असा होतो की गाव मुळातच तिकडचं. तसं नाहीये. हे बाल्टी लोकांचं गाव, आणि त्यांचा मुलूख बाल्टिस्तान (आज बराचसा पाकिस्तानच्या ताब्यात) 1840 च्या सुमारास जम्मूच्या डोगरा राजाचा सेनापती जोरावर सिंगने जिंकल्यापासून डोगरा राज्यात. नंतर लडाख वजारत नावाचा जिल्हा होता त्यात लेह, कारगिल आणि स्कर्दू (बाल्टिस्तानचं मुख्य शहर) अशा तहसिली, हिवाळ्यात तर जिल्ह्याचं ऑफिसच स्कर्दूला हलायचं. 1948 च्या लढाईत स्कर्दू पाकिस्तानकडे गेलं, मग सीझफायर लाइन आली आणि तुर्तुक पलीकडे राहिलं. म्हणजे पाकिस्तानची वर्षं जेमतेम 23-24.

डिसेंबर 1971 मध्ये मेजर चेवांग रिंचेन लडाख स्काउट्सचे जवान घेऊन श्योक नदीच्या कडेकडेने पुढे सरकले आणि चालुंका, तुर्तुक, त्याक्षी, थांग ही गावं भारताच्या ताब्यात आली. रिंचेन नुब्राचेच, 1948 साली पोरवयातच महावीर चक्र मिळालेलं, इथे दुसरं मिळालं. आता कोणी म्हणेल की त्या युद्धातली जमीन तर परत दिली ना? दिली, पण आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडची. जम्मू-काश्मीरमध्ये सिमला करारात 17 डिसेंबर 1971 ची ताबारेषाच धरली, म्हणून ही गावं इकडेच राहिली.

यात खरी गोची झाली ती घरांची. कामाला, शिकायला म्हणून स्कर्दू-लाहोर-कराचीला गेलेली माणसं तिकडेच अडकली. पलीकडचं खपलू गाव याच श्योकवर खालच्या अंगाला, पाणी थेट जातं, पण माणसाला जायचं तर 2025 मध्ये वाघा-अटारी सीमा बंद होईपर्यंतही व्हिसा मिळालाच तर दिल्ली, वाघा, लाहोर असा वळसा होता. म्हणून होमस्टेत जेवताना "तुम्हाला भारत आवडतो की पाकिस्तान" असले प्रश्न विचारू नका, प्लीज. लोक विचारतात, मी ऐकलंय. 1999 च्या कारगिल युद्धात कॅप्टन हनीफुद्दीन याच सेक्टरमध्ये शहीद झाले, युद्ध इथे पुस्तकातलं नाहीये.

आता जाण्याचं. नुब्रातल्या हुंडरहून सकाळी निघून संध्याकाळी परत असं करू नका, एक रात्र रहाच. उंची लेहपेक्षा कमी, झोप नीट लागते, आणि त्यामुळेच इथे वर्षात दोन पिकं निघतात, आधी जव मग कुट्टू. गावाचे भाग दोन: फारोलमध्ये शेतं, नाल्यावरचा पूल ओलांडला की यूल, तिथे जुनी मशीद आणि इथल्या जुन्या राजांच्या यबगो घराण्याचा छोटा वाडा, वंशजच दाखवतात. दगडी नांगचुंग, म्हणजे गार कोठारं, मात्र चुकवू नका, दगडांच्या फटीतून गार हवा येते, आत हात घातला की कळतं, भर उन्हाळ्यात लोणी-मांस टिकतं. खायला कीसिर, कुट्टूचं धिरडंच म्हणा, सोबत अक्रोडाची चटणी. जर्दाळू हवे असतील तर जुलै-ऑगस्ट गाठा, आणि झाडावरचे तोडण्याआधी विचारा, ती कोणाची तरी कमाई असते.

परमिटचे नियम बदलत असतात, लेहला पोचल्यावर विचारून घ्या. कॅश लेहमध्येच काढा, आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागेल.