वाचकांचे प्रश्न : पार्लरमधले हात, धूर आणि ब्लेड

प्रश्न : पार्लरमध्ये दिवसभर केस धुण्याचं काम माझ्याकडे असतं. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होते, भेगा पडतात. सुट्टीत बरं वाटतं, कामावर आले की पुन्हा सुरू. दोष शाम्पूचा की कलरचा? ग्लोव्हज घातले तर घामाने जास्तच चुरचुरतं.

उत्तर : बेचक्यांपासून सुरुवात आणि सुट्टीत उतार, यावरून हा बहुधा ओल्या कामाचा त्रास दिसतो. पाणी आणि शाम्पू कातडीतलं नैसर्गिक तेल काढून नेतात. रात्रभरात ते जेवढं भरून येतं त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी निघून जातं. दिवसात 2 तासांहून जास्त वेळ हात ओले राहिले किंवा 20 हून जास्त वेळा धुतले, तर ते ‘ओलं काम’ धरतात. ग्लोव्हजच्या आत घाम साठतो, म्हणून ते घातलेला वेळही बराच असेल तर याच हिशेबात येतो. तुमची तक्रार त्यामुळे चुकीची नाही, पण ग्लोव्हज सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

केस धुताना पावडर नसलेले नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, शक्यतो 30 सेंटिमीटर लांबीचे, आणि मनगटावरची कड बाहेरून दुमडून ठेवा म्हणजे ओघळ आत शिरणार नाही. धुऊन झालं की लगेच काढा. हात कोरडे असतानाच घालायचे, एका ग्राहकाला एक जोडी. उलटे करून पुन्हा वापरायची सवय फार ठिकाणी दिसते. तसं केलं की बाहेरचा कलर थेट कातडीला लागतो आणि घामाखाली दिवसभर मुरतो. अंगठी कामावर येण्याआधीच काढावी, तिच्याखाली साबण अडकून राहतो. पाणी कोमट हवं. हात पुसताना बेचके टिपायला विसरू नका. सुगंध नसलेलं क्रीम कामाआधी, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री लावा. घरची भांडी-धुणीही याच खात्यात जमा होतात, तिथेही ग्लोव्हज घाला.

कलर लावताना ग्लोव्हज आणि तोच कलर धुताना मोकळे हात, ही चूक सगळ्यात जास्त होते. धुताना निघणाऱ्या पाण्यात कलर असतोच. नुकत्याच रंगवलेल्या केसांना कापताना उघड्या बोटांनी धरणंही तसंच. म्हणून आधी कापा, मग रंगवा. क्रम बदलायला खर्च काहीच नाही.

बारीक फोड, न थांबणारी खाज, पापण्यांना सूज असं काही असेल आणि ते कलरच्या कामानंतर एक-दोन दिवसांनी येत असेल, तर ॲलर्जीचा संशय धरा. पर्मनंट कलरमधलं पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे त्याचं नेहमीचं कारण. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीतही ते पुष्कळदा असतं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित घटक कातडीवर चिकटवून पाहण्याची चाचणी, करून घ्या. अंदाजाने कंपनी बदलून उपयोग नाही, घटक बहुतेक तेच असतात.

प्रश्न : स्ट्रेटनिंगच्या क्रीमवर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलं आहे, तरी प्रेसिंग करताना डोळ्यांतून पाणी येतं. मास्क असतो, एसीही चालू असतो.

उत्तर : लेबलापेक्षा डोळ्यांचं ऐका. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळलं की त्याचं मेथिलीन ग्लायकॉल होतं, आणि या नावाआड ते ‘फ्री’ म्हणून खपतं. 200 ते 230 अंशांचं मशीन केसांवरून फिरलं की तोच वायू परत मोकळा होतो. घटकांच्या यादीत फॉर्मालिन, मिथेनल, मेथिलीन ग्लायकॉल यांपैकी काही दिसलं तर ती बाटली बाद करा. फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर घडवतं असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला आहे. त्याऐवजी येणारं ग्लायऑक्सिलिक ॲसिडही निर्धोक समजू नका. ते लावल्यावर ग्राहकाच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

कापडी, सर्जिकल आणि एन-95 हे तिन्ही मास्क कण अडवतात, वायू नाही. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा गार करून परत देतो. बाहेर फेकणारा एक्झॉस्ट लागतो, आणि तो कुठे आहे याला महत्त्व आहे. तुम्ही ग्राहकाच्या आणि पंख्याच्या मध्ये उभे असाल तर सगळा धूर तुमच्या नाकावरूनच जाईल. ताजी हवा तुमच्या पाठीमागून यावी, पंखा ग्राहकाच्या पलीकडे असावा.

ब्लीच पावडरचं वेगळं. तिच्यातल्या परसल्फेटच्या धुळीने दमा होऊ शकतो, आणि खोकला कधी कधी रात्री सुरू होतो, त्यामुळे कामाशी संबंध लक्षातच येत नाही. पावडर ओतू नका, चमच्याने घ्या. न उडणारी मिळत असेल तर तीच घ्या.

प्रश्न : कैची, कंगवे 10 मिनिटं यूव्ही बॉक्समध्ये ठेवले की पुरे का? आणि वापरलेलं ब्लेड बोटाला लागलं तर?

उत्तर : पुरे नाही. किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. कैचीचा सांधा, कंगव्याच्या दातांची मुळं, तेलाचा थर यांच्या आड काहीच होत नाही. तो बॉक्स स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायची पेटी समजा. आधी केस काढून साबण-ब्रशने घासा, कोरडं करा, मग जंतुनाशक. धातूला 70 टक्के अल्कोहोल चांगलं. 99 टक्क्यांचं जास्त कडक वाटतं, पण चटकन उडून जातं, आणि जंतू मारायला थोडं पाणी लागतंच. प्लॅस्टिकला, किंवा रक्त सांडलेलं पुसून घेतल्यावर त्या जागेला, 5 टक्क्यांचं घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, केसांची ब्लीच पावडर नव्हे) 1 भाग आणि पाणी 9 भाग, 10 मिनिटं. हे द्रावण रोज ताजं करा. स्टीलला त्याने गंज चढतो. अमोनिया असलेल्या कलरची वाटी न धुता त्यात बुडवू नका, घातक वायू सुटतो.

प्रत्येक ग्राहकाला नवं ब्लेड, आणि जुनं जाड, झाकणाच्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. ब्लेड लागलं तर बोट चोखू किंवा दाबू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पट्टी लावा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. त्याची लस मात्र आहे. नेहमीच्या पद्धतीत 3 डोस : पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वस्तरा हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी.

प्रश्न : उरलेला कालवलेला कलर झाकणाच्या बाटलीत ठेवला तर ती फुगली. का?

उत्तर : डेव्हलपरमधल्या, म्हणजे कलरमध्ये कालवायच्या द्रवातल्या, पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटते आणि मिश्रण डोळ्यांत उडू शकतं. उरलेलं ठेवायचंच नाही, भरपूर पाण्याबरोबर टाकून द्या. बाहेर काढलेलं डेव्हलपर मूळ बाटलीत परत ओतणंही तितकंच वाईट. त्यातल्या कलरच्या एका थेंबानेही आतलं पेरॉक्साइड फुटायला लागतं.