घोट्याजवळचा खरबरीत चट्टा त्वचेचा टीबी आहे का, हे कसं ठरतं?

तुम्ही विचारलंय: वडील केज भागातले ऊसतोड कामगार. घोट्याजवळ दोन वर्षांपासून चामखिळीसारखा चट्टा आहे. नायट्याची मलमं लावून झाली. थुंकी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर टीबीचा संशय घेऊन बायोप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणी) सांगतायत.

थुंकीवरून फुफ्फुसाचं कळतं, कातडीचं नाही. अनवाणी चालताना काटा मोडतो आणि त्या जखमेतून टीबीचा जंतू आत शिरतो. मग तिथंच खरबरीत, सहसा न दुखणारा चट्टा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. कातडीच्या टीबीचे आणखी प्रकार आहेत. मानेतली गंडमाळ फुटून वाहत राहते, हा एक. दुसऱ्यात चट्टा एका कडेनं पसरतो आणि दुसऱ्या कडेनं वण सोडून बरा होतो. त्यावर काचपट्टी दाबली की लाली जाते आणि पिवळट-तपकिरी ठिपके उरतात. सावळ्या कातडीवर ते नीट दिसत नाहीत, म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

आपल्याकडे कुष्ठरोगाची शंका आधी मिटवावी लागते. चट्ट्यावर कापूस फिरवून पाहतात. टीबीत स्पर्श कळतो. काही बुरशीचे आजारही पायावर हुबेहूब असेच दिसतात.

आता बायोप्सी. तुकडा चट्ट्याच्या वाढत्या कडेचा हवा आणि खोल हवा. वरची जाड खपली खरवडून पाठवली तर रिपोर्टमध्ये काहीच येत नाही. बाटल्या दोन लागतात: एक फॉर्मेलिनची (तुकडा टिकवणारं रसायन), दुसरी निर्जंतुक सलाईनची. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडाला की जंतू मरतात, मग कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) कसलं होणार? हे आधीच बोलून ठेवा, कारण चूक नेमकी इथंच होते. सलाईनमधल्या भागावर सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी मशीनवरची तपासणी), टीबीचं आणि बुरशीचं कल्चर सांगावं. टीबीच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात. अशा चट्ट्यात जंतू मोजकेच असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं ठरत नाही.

मॅन्टू टेस्ट (हातावर टोचून करायची टीबीची चाचणी) 48 ते 72 तासांत वाचतात. लाली नव्हे, कडक फुगवटा मोजायचा; 10 मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. पण त्यातून एवढंच कळतं की जंतू कधीतरी शरीरात आला होता. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि साखर मात्र तपासाच.

टीबी ठरला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन, रोज. गोळ्या वजनावर ठरतात: 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. लघवी केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. चार-सहा आठवड्यांत चट्टा बसायला लागतो. तसूभर फरक नसेल तर एकतर आजार ओळखण्यात चूक झाली असेल, किंवा जंतू औषधाला दाद देत नसेल; दोन्ही पुन्हा तपासायला हवं. नायट्याच्या मलमांत स्टेरॉइडचं मलम असेल तर ते आजच बंद करा.

ऊसतोडीला निघायच्या आधी निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक) लिहून घ्या आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात उपचार वर्ग करून घ्या. प्रवासाच्या आणि पहिल्या आठवड्याच्या गोळ्या सोबत असू द्या.