रोज सकाळी पोट दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग नाटक करतोय का?

मी समुपदेशक, शाळा सुरू होऊन महिना झाला की हा प्रश्न माझ्याकडे ठरलेला येतो. पोरगं सकाळी पोट धरून बसतं, रविवारी मात्र टुणटुणीत, टेस्ट केल्या काही निघालं नाही, मग मॅडम खरं सांगा नाटक करतोय का. शेवटचं वाक्य आई हळू आवाजात विचारते आणि बाबा मोठ्याने, एवढाच काय तो फरक.

म्हणून एक केस सांगते. मुलाला आणि आईबाबांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. घरात त्याला दादू म्हणतात असं समजा, नववीतला, सिंहगड रोडला राहणारा, सकाळचं सत्र. बाबा चाकणला कंपनीत शिफ्टला, आई घरूनच पोळीभाजीच्या ऑर्डरी घेते, आजी, आणि पाचवीतली बहीण.

पहिल्यांदा आले तेव्हा आईनेच सगळं सांगितलं. सहा वाजता उठतो, आंघोळ करतो, युनिफॉर्म घालतो, आणि व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजला की बेंबीपाशी हात. ओवा झाला, हिंग लावून झालं, आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, फॅमिली डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली. व्हॅन निघून गेली की अर्ध्या तासात दुखणं गायब आणि हा सोफ्यावर पोहे खातोय. बाबांचं डोकं फिरायचं ते इथे. एका सकाळी त्यांनी कानाखाली वाजवली होती, ते स्वतःच बोलून गेले आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

हे आधी स्पष्ट सांगते. व्हॅन गेल्यावर दुखणं थांबलं म्हणजे ते खोटं होतं असं नाही. आतडी आणि मेंदू ह्यांचं नसांमधून सतत बोलणं चालू असतं, भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, कळ येते, मळमळतं. परीक्षेच्या दिवशी तुम्हाला दोनदा जावं लागायचं ते काय नाटक होतं का? तसंच आहे हे, फक्त रोज. आणि धोक्याची वस्तू लांब गेली की कळ जाते, पण त्याचवेळी मेंदू शिकतो की घरी थांबलं की बरं वाटतं, मग दुसऱ्या दिवशी कळ जरा जास्त जोरात येते. सुट्टी दिली की दुखणं वाढतं ते ह्यामुळे.

अर्थात आधी डॉक्टर, मग मी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, शौचातून रक्त, सारख्या उलट्या, ताप, असं काही असेल तर समुपदेशकाकडे यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. दादूला ह्यातलं काही नव्हतं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या दोन भेटी मी नेहमीच्या वाटेने गेले. पुढच्या वर्षी दहावी, गणिताची धास्ती, क्लास, मोबाईल, रात्री जागणं. दादू सगळ्याला "हो", "तसंच काहीतरी" म्हणायचा, आणि मला वाटलं चला सापडलं. श्वासाचे व्यायाम दिले, झोपेचं टाईमटेबल दिलं. फरक शून्य. आणखी एक, पहिल्या भेटीत मी विचारलं होतं की पोट रोज साफ होतं का, तर उत्तर आईने दिलं, "हो हो एकदम". चौदा वर्षांच्या मुलाचं पोट साफ होतं की नाही हे आईला कुठून कळणार, पण मी कागदावर टिक करून मोकळी झाले!

तिसऱ्या भेटीला गुरुवार होता, पाणी बंदचा वार, माझ्या ऑफिसातला माठ दुपारपर्यंत तळाला गेलेला. दादू त्या दिवशी नशिबाने शाळेत गेला होता आणि तिथूनच आला, पाऊस गायब, नुसता उकाडा, शर्ट घामाने चिकटलेला. मी म्हटलं सॉरी रे, पाणी पण नाही आज. त्याने दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून एक लिटरची निळी बाटली काढून पुढे केली, म्हणाला, "घ्या ना मॅडम, भरलेलीच आहे."

दुपारचा दीड वाजला होता.

"अरे, आज पीटी होती ना?"

"होती."

"मग?"

"शाळेत नाही पीत मी."

का, असं विचारलं तर बराच वेळ नुसतं झाकण उघड-बंद, उघड-बंद. मग म्हणाला, "प्यायलं की जायला लागतं."

पुढचं तुकड्या-तुकड्यात आलं. नववीचे वर्ग वरच्या मजल्यावर, तिथल्या मुलांच्या टॉयलेटला दोन दारं, एकाला कुलूप आणि दुसऱ्याची कडी तुटलेली. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात हा आत असताना तीन-चार पोरांनी दार ढकललं, मग बाहेरून धरून ठेवलं, मोठ्याने आकडे मोजले, आणि वर्गात एक नाव पाडलं जे मी इथे लिहिणार नाही. फोटो-व्हिडिओ काढला का हे मी स्पष्ट विचारलं, कारण तसं असतं तर तो गप्प बसून मिटवायचा विषय राहत नाही, पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, कळवावंच लागतं. नव्हता काढला. पण तेव्हापासून दादू सकाळी पाणी पीत नव्हता, डबा अर्धा परत, आणि सकाळी साडेसहा ते दुपारी एक सगळं धरून ठेवायचा. घरी आल्यावरही इच्छा मेलेली असायची, तीन-तीन दिवस जायचा नाही.

म्हणजे नुसती भीतीच नव्हती. धरून ठेवलं की मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, मग जाताना दुखतं, मग दुखतं म्हणून आणखी धरून ठेवतात. सोनोग्राफीत हे दिसेलच असं नसतं, विचारावं लागतं, आणि एकट्याला विचारावं लागतं. मी चिठ्ठी देऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी काही आठवडे घ्यायची मऊ करणारी पावडर दिली, पाणी वाढवायला सांगितलं, आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं बसायचं, येवो न येवो, कारण खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात. त्यासाठी पंधरा मिनिटं लवकर उठायचं होतं, ह्याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला. आजी मात्र खूश, मी म्हणतच होते पोटात आहे म्हणून.

घरी काय सांगायचं हे मी त्यालाच विचारलं. नववीतल्या मुलाने काढलेली गोष्ट मी परस्पर आईबाबांच्या पुढ्यात ओतली तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. जिवाला धोका असेल, कोणी अंगाला हात लावत असेल, तर मी गप्प राहणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवते, बाकी ठरवून. तो म्हणाला, "बाबांना सांगा, आईला तुम्ही समोर असताना सांगा, नाहीतर ती उद्याच शाळेत जाऊन भांडेल."

बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अरे मग सांगायचं ना लेका!" चांगल्या मनाने म्हणाले. दादू जमिनीकडे बघत म्हणाला, "सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात तू पण दोन ठेवून दे." खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. बाबांना आठवत होतं की नव्हतं मला माहीत नाही, नाईट शिफ्ट करून आलेला माणूस, असंच बोलून गेला असणार. मी मध्ये पडले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चुकलं माझं," आणि मुलाच्या गुडघ्यावर थापटलं. आईचे डोळे भरलेले, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो कडी कुठल्या मजल्यावरची. मुलगा तिला बरोबर ओळखून होता.

शाळेचं सांगायचं तर सरळ झालं नाही. एका वरिष्ठांनी मला फोनवर ऐकवलं की मुलं आहेत, मस्ती करणारच. वर्गशिक्षिका मात्र भली बाई निघाली. दादूच्या दोन अटी होत्या, त्याचं नाव घ्यायचं नाही आणि वर्गासमोर भाषण द्यायचं नाही. तिने त्या पाळल्या. मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटं तिला नुसती मान हलवून तो खाली स्टाफच्या टॉयलेटला जाऊन यायचा, आणि त्या पोरांशी ती एकेकट्याने बोलली. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलंय, कडीचं कोणी लिहिणार! अकरा दिवस अर्ज फिरत राहिला, शेवटी शिपाई मामांनी घरून स्क्रू ड्रायव्हर आणून स्वतःच बसवली.

शाळेत परत जाणंही एकदम नाही ठरवलं. पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंत, मग पाचव्या तासापर्यंत, मग पूर्ण. पोट दुखलं तरी तेवढा वेळ जायचंच, दुखणं खरं आहे आणि शाळा पण आहे, दोन्ही. घरच्यांना मी एवढंच म्हटलं की सकाळी "आज दुखतंय का" हे कोणी विचारायचं नाही, कारण विचारलं की तो आत डोकावून बघणार आणि काहीतरी सापडणारच. घरी राहिलाच तर टीव्ही नाही, मोबाईल नाही, रागावणं पण नाही, वरणभात आणि वही. घर कंटाळवाणं झालं पाहिजे, तुरुंग नाही. बाबांची दुसरी शिफ्ट होती त्या आठवड्यात तेच स्कूटरवर सोडायला गेले, वाटेत काय बोलायचे मी विचारलं नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर तीन दिवस परत पोट. आई घाबरून फोनवर, सगळं पाण्यात गेलं म्हणून. नाही जात. मोठ्या सुट्टीनंतर असं बहुतेकांचं होतं, दोन दिवस परत मधल्या सुट्टीपर्यंतची पायरी उतरलो आणि पुन्हा चढलो.

आणि हो, सगळ्याच पोटदुखीमागे कडी नसते. कधी वाचून दाखवायची भीती असते, कधी घरातली भांडणं, मी शाळेत गेले तर मागे आईला काय होईल ही काळजी पण असते. मुलगा किंवा मुलगी "जगून काय करू" असं काही बोलली, स्वतःला इजा करताना दिसली, तर माझ्यासारखीच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलाला कोणी त्रास देत असेल तर मुलांची हेल्पलाइन, १०९८.

दादू आता महिन्यातून एकदा येतो, येत्या भेटीनंतर बहुतेक बंद करू. परवा त्याच्या आईचा मेसेज आला, पोरगा ती निळी बाटली शाळेत हरवून आलाय, ह्या महिन्यातली दुसरी. मी हसणारी इमोजी टाकली. त्यांनी रागावलेली टाकली.