मलावीला शिकवायला जाताय? कर्ज फेडायची घाई नको

एका शिक्षिकेचं पत्र आलंय. सप्टेंबरपासून दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत, झोम्बाजवळच्या एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचं ठरलंय. संस्था राहायला घर, जाण्यायेण्याचं तिकीट, वैद्यकीय विमा आणि क्वाचा या तिथल्या चलनात मासिक भत्ता देणार आहे. इथली शाळा बिनपगारी रजा द्यायला तयार आहे, पण अजून तोंडीच. घराच्या कर्जाचे ३४ हप्ते बाकी आहेत आणि शिल्लक २२ हप्त्यांएवढी आहे. घर भाड्याने दिलं तर निम्मा हप्ता सुटतो. त्यांचा प्रश्न असा: "सगळी शिल्लक कर्जात भरून हलकी होऊन जाऊ का? तिथे भत्त्यात भागेल, थोडे मागे पडले तर घरीही पाठवीन."

थोडक्यात उत्तर: निदान पहिले सहा महिने कर्जात एक पैसाही जादा भरू नका. आणि घरी पैसे पाठवण्याचा बेत डोक्यातून काढून टाका.

ताई, आधी हिशेब मांडू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मूळ थकबाकी साधारण ३० हप्त्यांएवढी दिसते. म्हणजे पुढच्या पावणेतीन वर्षांत जाणारं व्याज जेमतेम चार हप्त्यांचं. कर्ज संपत आलं की हप्त्यात मुद्दलच जास्त असतं, त्यामुळे आत्ता भरून वाचणारी रक्कम तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. ठेवीवर मिळणारं व्याज वजा केलं तर ती आणखी आटते. शिवाय अंशतः रक्कम भरली की बहुतेक वेळा मुदत कमी होते, हप्ता तेवढाच राहतो. हप्ता कमी करून हवा असेल तर तसं लेखी मागावं लागतं. ते न करता २२ हप्ते भरून विमानात बसलात, तर पुढच्या महिन्यात बँक पुन्हा पूर्ण हप्ता मागणार आणि खात्यात खडखडाट.

हप्ता कमी करून घेतलात तर भाड्यातून तो सहज निघेल, हे खरं आहे. दोन वर्षं सुरळीत गेली तर तो मार्ग किंचित फायद्याचाही ठरेल. पण मला काळजी सुरळीत न जाणाऱ्या वर्षाची आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे परतावं लागलं तर? रजेच्या जागी दुसरं कुणी आलेलं असेल, तुमच्या घरात भाडेकरू असेल. कर्जात गेलेला पैसा बँकेकडून अशा वेळी मागून मिळत नाही.

पैसा ठेवून गेलात तर काय होतं? २४ हप्त्यांपैकी १२ भाड्यातून निघतील, १२ शिलकीतून. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहणं, रंगरंगोटी, मेंटेनन्स यासाठी आणखी २ धरा. उरले ८. त्यातला एक हप्ता तिथे बस्तान बसवायला बाजूला काढा, कारण भत्ता सुरू होण्याआधीच खर्च सुरू होतो. गादी, मच्छरदाणी, पाण्याचं पिंप, स्वयंपाकाची शेगडी, सौर दिवा. तिथली वीज बहुतांशी जलविद्युत केंद्रांतून येते, आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ॲना वादळाने कापिचिराचं केंद्र मोडल्यावर देशभर वीज जात होती. सौर दिवा चैनीत धरू नका.

आता क्वाचा. मे २०२२ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने त्याचं २५ टक्के अवमूल्यन केलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा ४४ टक्के: डॉलरला सुमारे १,१८० क्वाचा होते, ते १,७०० झाले. भत्ता मात्र तेवढाच राहतो, संस्था वाढवेल तेव्हा वाढवेल. तोवर पेट्रोल, आयात औषधं, मिनीबसचं भाडं चढलेलं असतं. डॉलरची चणचण असल्याने बँकेतून बाहेर पैसे पाठवणं अवघड, आणि रस्त्यावरच्या काळ्या बाजारातल्या दराच्या मोहात पडलात तर कायद्याची भानगड. म्हणून क्वाचा तिथेच खर्च करायचा, आणि इथल्या हप्त्याला त्याचा आधार मानायचाच नाही.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. तुम्ही सप्टेंबरमध्ये पोहोचाल, तेव्हाच्या बाजारभावावर महिन्याचा हिशेब बसवाल. तिथलं मुख्य अन्न मका. त्याची कापणी मार्च-एप्रिलनंतर होते, त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत कोठारं रिकामी असतात आणि भाव सगळ्यात चढे. तेव्हा शेजारी, सहकारी, विद्यार्थ्यांचे पालक उसने मागायला येतील. हे गृहीतच धरा. प्राथमिक शिक्षण १९९४ पासून फुकट झालं, वर्ग तुडुंब भरले, पण वही-पेन्सिल घरूनच आणावी लागते. तुमचा हात खिशात जाणारच, त्याला माझी ना नाही. फक्त भत्त्यातला ठरावीक हिस्सा महिन्याच्या पहिल्या तारखेला एअरटेल मनी किंवा टीएनएम म्पांबा या तिथल्या मोबाइल-पैशाच्या सेवेतल्या वेगळ्या खात्यात टाका. तो संपला की "या महिन्यात नाही" हे सांगणं सोपं जातं. उधार म्हणून देऊ नका, द्यायचं तर देऊन टाका. वसुलीच्या मागे लागलेली शिक्षिका गावात राहू शकत नाही.

मार्चपर्यंत तिथे रुळलात, भाडेकरू वेळेवर पैसे देतोय असं दिसलं, तर आठ-दहा हप्ते कर्जात भरा आणि हप्ता कमी करून घ्या. त्यासाठी सही करायला भावाच्या किंवा ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून ठेवा. बँकेला दिलेला मोबाइल नंबर परदेशात चालू राहील याचीही सोय बघा. ओटीपी न आल्याने स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही, हा प्रकार मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलाय की आता सगळ्यांना पहिल्याच भेटीत विचारतो.

माझ्या मते खरा धोका परतीचा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. तुमची मुदत ऑगस्टमध्ये संपते. तुमची शाळा तुम्हाला लगेच रुजू करून घेणार, की पुढच्या जूनपर्यंत थांबवणार? थांबवलं तर दहा महिने पगार नाही, आणि तुम्ही स्वतःच्या घरात राहायला आलात की भाडंही बंद. ते उरलेले सात हप्ते तेव्हा बघता बघता संपतील. संस्था मुदत संपल्यावर काही रक्कम देते का, मध्येच सोडलं तर ती मिळते का, आणि विमा परतल्यावर किती दिवस चालतो, हे करारात शोधा.

शाळेकडून रजेचं पत्र तारखेसह घ्या: कधीपासून, कधीपर्यंत, परतल्यावर कोणत्या पदावर, कोणत्या महिन्यात. ते पत्र हातात येईपर्यंत भाडेकरूशी करारही करू नका.