सर्ज कंट्रोल हाती घेताना

नाशिकच्या अंबडला सेंट्रीफ्युगल कॉम्प्रेसर (वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा दाबणारं मशीन) हाताळायला मिळाला, छान झालं. शेजारच्या स्क्रू मशीनचा अनुभव इथे धरू नकोस. तिला सर्ज होत नाही. इथे मात्र मागणी घटून प्रवाह कमी झाला की मशीनला पुढचा दाब पेलवत नाही आणि हवा उलटी फिरते, तीही पुन्हा पुन्हा. यालाच सर्ज म्हणतात. थ्रस्ट बेअरिंग आणि सील यातच मार खातात.

म्हणून कंट्रोलर मशीनच्या कर्व्हवर (प्रवाह आणि दाबाच्या आलेखावर) सर्ज लाइनच्या, म्हणजे जिथून सर्ज सुरू होतो त्या रेषेच्या, उजवीकडे, साधारण 10 टक्के अंतर ठेवून, दुसरी रेषा धरतो. ऑपरेटिंग पॉइंट (मशीन त्या क्षणी आलेखावर जिथे चालतंय ती जागा) या दुसऱ्या रेषेपाशी आला की अँटी-सर्ज व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडून किंवा पुन्हा आत वळवून मशीनमधला प्रवाह वाढवणारा) उघडायला लागतो. तो एक-दोन सेकंदांत पूर्ण उघडला पाहिजे, मिटताना मात्र सावकाश. इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा) गेली तर उघडाच राहायला हवा. स्ट्रोकची (व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्या-मिटण्याची) वेळ शटडाऊनमध्ये स्वतः मोज, जुन्या कागदावर जाऊ नकोस. प्रवाह मोजणाऱ्या फ्लो ट्रान्समीटरचं डॅम्पिंगही (सिग्नलमधले चढउतार दाबणारी सेटिंग) बघ. ट्रेंड गुळगुळीत दिसावा म्हणून कोणीतरी ते वाढवून ठेवतो (हा रोग सगळीकडे आहे) आणि कंट्रोलरला बातमी उशिरा कळते.

कर्व्ह कुठल्या हवेसाठी काढलाय तेही वाच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यात डिसेंबरची थंडी आणि एप्रिलचं ऊन. सक्शनचं (आत घेतल्या जाणाऱ्या हवेचं) तापमान बदललं की सर्ज लाइनही सरकते.

रात्रपाळीत वीज वाचवायला कोणी व्हॉल्व्ह मॅन्युअलवर टाकून बंद ठेवला असेल, तर आधी ऑटोवर घे. मार्जिन (दोन रेषांमधलं ते अंतर) खरंच जास्त आहे का, ते नंतर सर्ज टेस्टच्या नोंदींवरून ठरवता येईल.