एसीएलच्या (गुडघ्यातल्या मुख्य अस्थिबंधाच्या) ऑपरेशनला पाच महिने झाले, गुडघा आता दुखत नाही. कबड्डीच्या निवड चाचणीत उतरू का?

नका उतरू. मीही चढाईपटू होतो. सहाव्या महिन्यात, काहीच दुखत नाही म्हणून मॅटवर गेलो आणि तिसऱ्या चढाईत तोच गुडघा पुन्हा गेला. दुसरं ऑपरेशन, आणखी सव्वा वर्ष. म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

दुखायचं थांबलं म्हणजे आतला ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवलेला स्नायूचा दोर, तयार झाला असं नसतं. तो बहुधा आपल्याच मांडीच्या मागून किंवा वाटीखालून काढलेला असतो. सुरुवातीला त्याला रक्तपुरवठा नसतो. शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी भरतं, आणि त्या दरम्यान तो बसवला तेव्हापेक्षाही कच्चा होतो. नेमकी तेव्हाच सूज उतरते आणि माणूस जिने धडाधड उतरायला लागतो! नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता साधारण निम्मी होत गेली.

नुसते महिने मोजूनही भागत नाही. पुढच्या मांडीची ताकद मशिनवर मोजून घ्या, एका पायावरच्या उड्यांची चाचणी द्या. दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के गाठायला हवेत. यात एक फसगत आहे: इतके महिने बसून चांगला पायही ढिला पडलेला असतो. ऑपरेशनआधीचे आकडे असतील तर तुलना त्यांच्याशी करा.

त्यानंतर कबड्डीचं खरं काम सुरू होतं. बोनस रेषेपलीकडे पाय टाकून आधी एकट्याने वळायचं. मग फिजिओ ऐन वेळी हात दाखवेल त्या बाजूला. मग एकच बचावपटू, हलकी पकड. मला इथेच सर्वांत जास्त वेळ लागला. पायात ताकद होती, पण कुणी घोट्याला हात घातला की अंग आक्रसायचं. असं तुम्हालाही झालं तर फिजिओला सांगा, लपवू नका. घाबरून वळणारा पाय वेडावाकडा पडतो.

चाचणी हुकली की वर्ष गेलं असं वाटतं, ते मला माहीत आहे. कुस्तीपटू विनेश फोगाटचा गुडघा ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये गेला. ती मे २०१७ मध्ये दिल्लीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य घेऊन आली, आणि २०१८ मध्ये जकार्ताला आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण.

प्रशिक्षकांना आजच कळवा. आणि फिजिओकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा दोन्ही मांड्यांचे आकडे कागदावर लिहून मागा.